थांबायच्या दिवसांचं वजन

कांगेरलुस्सुआकच्या गोदामात, उघड्या जमिनीवर,
मी सत्तावीस दिवस मांडून ठेवलेत.
एका पिशवीत एक दिवस:
ओट, लोण्याची वडी, खारवलेलं सॉसेज,
चॉकलेटचे आठ तुकडे, तासाला एक.
कानावर पेन्सिल, पुढ्यात तराजू.
काटा स्थिर झाला की मगच श्वास सोडते.

पाचशे साठ किलोमीटर.
आधी चढ, मग सपाटी, जिला संपायचं ठाऊक नाही,
मग पूर्वेचा उतार, आणि उतारावर भेगा.
माणशी एक स्लेज, स्लेजवर बासष्ट किलो.
टूथब्रशचे दांडे काल कापले.
बेर्गेनच्या दंतवैद्याने स्वतःचा स्वतः कापला,
रुग्णाला सांगावं तसं म्हणाला, दुखणार नाही.

हॉग्नी विचारतो, तिकडे दिशा कशी कळते?
जन्म गेला त्याचा फेरोच्या फेरीबोटीवर, सुकाणूपाशी.
सांगते, स्वतःची सावली बघायची,
तासाला पंधरा अंश सरकते.
आणि सावलीच नसेल?
मग होकायंत्र छातीशी बांधायचं.
पुढच्याने मागे वळायचं नाही,
मागचा ओरडेल तेवढं ऐकायचं.

ओटिलियाने पिशव्या दोनदा मोजल्या.
तेवीस दिवसांची वाट, मग या चार कसल्या?
वादळाच्या.
पितेराक सुटला की तंबूत पडून राहायचं,
बर्फाची भिंत उपसायची, परत पडायचं,
आणि जेवायचं.
म्हणजे न चालण्यासाठी चालताना ओढायचं?
हो बाई.
हिशेबात तेच सगळ्यात महाग पडतं.

बंदुकीचा परवाना आला. अस्वल दिसलंच
तर आधी आवाज, मग हवेत, मग नाइलाज.
इसोर्तोकचं हेलिकॉप्टर कच्चं ठरलंय,
कच्चं म्हणजे हवामान म्हणेल तसं.

बिबियाना रॉकेलचे डबे मोजून देते,
गोदामाची किल्ली तिचीच.
म्हणते, आमचं कुणी तिकडे जायचं नाही.
सील नाही, पक्षी नाही, करायचं काय?
जायचा तो फक्त किविट्टोक.
तो कोण?
रुसून गेलेला.
गावाने हसं केलं, किंवा बायकोने,
मग किनाऱ्याकडे पाठ करून आत, बर्फात.
परत यायचा नाही. म्हणतात, उडायला शिकायचा.
मग माझ्या पिशव्यांकडे बघून:
तुझे बरे आहेत.
विमा उतरवून रुसतात.

हसले मी. खूप हसले.

रात्र इथे मे महिन्यात नावापुरतीच.
त्या करड्या उजेडात अर्ज तपासत बसले.
मोहिमेचा उद्देश:
दंतवैद्याने लिहिलंय, खेळ.
ओटिलिया आणि तिची बहीण यागना, दोघींनी मिळून, हिंमत.
हॉग्नीचा रकाना कोरा.
त्याखालचाही कोरा,
काही झाल्यास कुणाला कळवावे.

सकाळी विचारलं. तो स्कीला मेण घासत होता.
घासतच राहिला.
म्हणाला, हा रकाना भरलाच पाहिजे का?
पाहिजे. त्याशिवाय परवानगी मिळत नाही.

बिबियानाने माझ्या कानावरची पेन्सिल काढली,
कागद ओढून घेतला, आकडे लिहिले.
माझा नंबर आहे.
मी फोन उचलते.
रविवारी प्रार्थनेच्या वेळी मात्र नाही.

हॉग्नी काही बोलला नाही.
मेणाची वडी त्याने या हातातून त्या हातात घेतली.

जाताना तिने सुक्या मासळीची जुडी ठेवली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वास येणारी.
यादीत नव्हती.
तराजूत टाकली: तीनशे ग्रॅम.
मी माझं पुस्तक बाहेर काढलं: दोनशे ऐंशी.

वीस जास्त.
राहू दे.